इमारत ब वर्गात ठेवल्याबाबतचा पुरवणी जबाब

जबाब देणार: वसाहतीत आणि कामावर ‘मिस्त्री’ याच नावाने ओळख. वय ६१ वर्षे. धंदा गवंडीकाम, त्यातही मुख्यतः गिलावा. राहणार सरकारी भाडेवसाहत, इमारत क्रमांक सात, पहिला मजला, खोली क्रमांक चौदा.

मी आज शुक्रवार, ४ तारखेस सकाळी सव्वानऊ वाजता पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता हजर राहून समक्ष सांगतो की, वरील पत्त्यावर मी चौतीस वर्षे भाड्याने राहतो. पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. सध्या सोबत मुलगी आणि सात वर्षांची नात असते. मुलगी सरकारी दवाखान्याच्या धुलाई विभागात कामाला आहे.

मंगळवारी, १ तारखेस, आमच्या इमारतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये जिन्याचा टप्पा, म्हणजे वळणावरची सपाट जागा, कोसळला व शिवणकाम करणाऱ्या मावशी जखमी झाल्या; तिथे आता शिडी लावून ये-जा चालते. त्याबाबत बुधवारी पोलिसांनी सर्व भाडेकरूंना विचारले. मलाही विचारले. तेव्हा मी ‘मला यातले काही माहीत नाही, मी कामावर होतो’ असे सांगितले. मी कामावर होतो हे खरे आहे. बाकी खोटे आहे. म्हणून हा पुरवणी जबाब देत आहे.

प्रथम इमारतीबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमची इमारत चार मजली असून तळमजला धरून चाळीस खोल्या आहेत. भाड्याचा थोडा भाग आम्ही भरतो, उरलेला सरकार सहाय्य योजनेतून भरते. हे सहाय्य चालू आहे तोवर इमारत कोणाला विकता येत नाही, भाडे बाजाराप्रमाणे वाढवता येत नाही आणि आम्हाला बाहेर काढता येत नाही. बस चालवणारे, रखवाली करणारे, दवाखान्यात फरशी पुसणारे, असे सगळे आमच्या इमारतीत आहेत. ज्या शहरात आम्ही काम करतो त्याच शहरात झोपू शकतो, ते या योजनेमुळे.

योजना चालू ठेवायची की नाही हे दरवर्षीच्या पाहणीवर ठरते. गृहनिर्माण कार्यालयातून अभियंता येतो, भिंतींवर हातोडी मारून बघतो आणि इमारतीला वर्ग देतो. अ म्हणजे सुस्थितीत. ब म्हणजे दुरुस्तीयोग्य. क म्हणजे धोकादायक. लोकांना वाटते अ वर्ग सगळ्यांत चांगला. आम्हालाही आधी तसेच वाटायचे.

इमारत क्रमांक दोनच्या लोकांनी पंधरा वर्षांपूर्वी एकदिलाने इमारत रंगवली, कठडे बसवले, दारापुढे कुंड्या ठेवल्या. पाहणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली आणि अ वर्ग दिला. पुढच्या वर्षी पत्र आले की इमारतीला सहाय्याची गरज उरलेली नाही. दोन वर्षांत भाडे बाजारभावाला गेले आणि कुंड्या लावणाऱ्यांपैकी तिथे आज एकही माणूस राहत नाही. कुंड्या आहेत.

इमारत क्रमांक पाचला क वर्ग मिळाला. सहा महिन्यांसाठी म्हणून त्या लोकांना शहराच्या टोकाला तात्पुरत्या निवासी शिबिरात हलवले. त्याला आता बारा वर्षे होतील. इमारत पाडली, सहाय्य संपले, जागा विकली गेली. तिथे आता काचेची उंच इमारत उभी आहे आणि तिच्या काचा पुसायला आमच्याच इमारतीतले दोघे जातात.

तेव्हा आमच्या लक्षात आले की जगायचे तर ब वर्गात. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी ती गत होती. आमच्या भाडेकरू समितीचे चिटणीस मास्तर आहेत. ते निवृत्त शिक्षक असून दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांनी मला अकरा वर्षांपूर्वी त्या वर्षीच्या पाहणीच्या आधी घरी बोलावले आणि म्हणाले, “मिस्त्री, आपल्याला आजारी दिसायचंय, पण मरायला टेकलेलं नाही. ही नाडी तुमच्याच हातात आहे.” मी हसलो. तेव्हा मला ते गमतीचे वाटले होते, हे मी कबूल करतो.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगतो की, काम असे चाले. पाहणीची तारीख कळली की आठवडाभर आधी मी थापी घेऊन सगळी इमारत ठोकून बघायचो. थापीच्या दांड्याने ठोकले की भिंत बोलते. भरीव असेल तर आवाज खणखणीत येतो, पोकळ असेल तर बसका. ज्या भेगा वरवरच्या, नुसत्या गिलाव्यातल्या, त्या मी छिन्नीने टाच्या मारून मोठ्या करायचो. गच्चीच्या कठड्याची आतली बाजू, तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीची भिंत, गॅलरीचा शेवटचा कोपरा, अशा ठिकाणी पोपडे पाडायचो. तिथे काही पडले तरी कोणाच्या डोक्यावर पडणार नाही हे बघून. या दाखवायच्या भेगा.

ज्या भेगा खोल, सळईपर्यंत गेलेल्या, त्या दिसल्या तर इमारत सरळ क वर्गात जाणार. त्या मी बुजवायचो. दोन बोटे खोल खरवडायच्या, त्यात तगडा, जास्त सिमेंटचा माल दाबून भरायचा, म्हणजे हातोडी मारली तर आवाज खणखणीत येतो. पण नवा गिलावा जुन्या भिंतीत उठून दिसतो. म्हणून वाळला की त्यावर उकळलेल्या चहाच्या चोथ्याचे पाणी द्यायचे, मग काजळी पुसायची, मग माणसाच्या हाताच्या उंचीवर तेलकट मळ चढवायचा. मास्तर म्हणायचे, हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. हे सगळे मी भरदुपारी करायचो, लोक कामावर आणि मुले शाळेत असताना. एका पैशाची मजुरी घेतली नाही.

अकरा वर्षांत अकरा वेळा ब वर्ग मिळाला. ज्या दिवशी पत्र येई त्या दिवशी लोक मला जिन्यात थांबवून हात धरायचे. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती केल्या, कोणी माझे नावही विचारले नाही. त्यामुळे तो हात धरणे मला आवडायचे. हेही लिहून घ्यावे.

जिन्याच्या टप्प्याबद्दल सांगतो. पाच वर्षांपूर्वी त्या टप्प्याच्या खालच्या अंगाला, जिथे तो भिंतीत बसतो तिथे, मला बोटभर रुंद भेग सापडली. वरून सांडपाण्याचा पाइप जातो, तो गळत होता. भेगेत खिळा घातला तर तो पूर्ण आत गेला आणि बाहेर काढला तर टोकाला लाल गंज. म्हणजे सळई सडायला लागली होती. अशा वेळी खरे काम म्हणजे टप्पा खालून टेकूवर घेऊन, फोडून, सळई बदलून परत ओतणे. ते एकट्या माणसाचे काम नाही आणि गुपचूप करण्यासारखेही नाही. पाहणीला चार दिवस होते. मी भेग बुजवली.

त्या दिवशी माझ्या हाताखाली कोणी नव्हते. मावशी तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्या खाली उतरत होत्या, त्यांनी आपणहून घमेले धरले. दोन तास धरून उभ्या होत्या. शेवटी मळ चढवायला त्यांनी घरातून शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणली आणि चिंधीने भिंत अशी पुसली की मलाही जागा शोधावी लागली असती. म्हणाल्या, “भाऊ, माझी शिलाई आणि तुमचा गिलावा, दोन्हीची शिवण दिसत नाही बघा.” तिथे खालून वारा येतो म्हणून वर जाताना त्या नेहमी त्याच टप्प्यावर गाठोडे ठेवून दम खायच्या. पुढेही खात राहिल्या. मी रोज बघत होतो.

पाइपची गळती थांबली नाही. सळईचा गंज गिलाव्याने थांबत नाही, फक्त दिसायचा थांबतो. हे मला तेव्हाही माहीत होते. माझा हिशेब असा होता की ब वर्गाच्या इमारतींना दुरुस्तीचे अनुदान मिळते. ते एकदा आले की त्यातून खऱ्या भेगांचे काम करून घ्यायचे. तोवर ढकलायचे. अनुदानासाठी मास्तरांनी एकोणीस अर्ज केले.

अनुदान तीन वर्षांपूर्वी मंजूर झाले. ठेकेदाराची माणसे यादी घेऊन आली. यादी पाहणीच्या अहवालावरून केलेली होती, म्हणजे अहवालात जे दिसले तेवढेच तिच्यात होते. गच्चीचा कठडा, मीटरच्या खोलीची भिंत, गॅलरीचा कोपरा. मी पाडलेले सगळे पोपडे तिच्यात होते. मी बुजवलेली एकही भेग नव्हती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे आम्ही म्हणतो, पण पखाल मीच दाखवली होती.

ठेकेदाराला गवंडी कमी पडत होते म्हणून त्याने मलाच रोजावर घेतले. माझ्याच टाच्या मी स्वतः भरल्या, सरकारी मालाने. अठरा दिवस ते काम चालले. दहाव्या दिवशी मी ठेकेदाराच्या मुकादमाला बाजूला घेऊन सांगितले की जिन्याच्या टप्प्याखाली थोडे काम आहे, टेकू आणि थोडी सळई द्या, मजुरी नको, मी करतो. त्याने यादीवर बोट फिरवले आणि म्हणाला, “यादीत नाही, मिस्त्री. यादीत आणायचं तर कार्यालयात अर्ज टाका, अभियंता येऊन फोडून बघेल, मग होईल.” फोडून बघितले असते तर सगळेच उघडे पडले असते. मी अर्ज टाकला नाही. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही आणि मुलीने विचारले तर दात दुखतो म्हणालो.

काम झाल्यावर खोल्यांसकट सगळी इमारत तळापासून गच्चीपर्यंत रंगवली. लपवलेल्या जागा मला पुढे सापडाव्यात म्हणून मी प्रत्येकीशेजारी खिळ्याने बारीक खूण केलेली होती. त्या खुणा रंगाखाली गेल्या. जागा माझ्या डोक्यात होत्या, म्हणून मला त्याचे काही वाटले नाही.

यंदाची पाहणी दोन महिन्यांपूर्वी झाली. पाहणीला आलेल्या बाई तरुण आहेत, कनिष्ठ अभियंता आहेत. आधीचे साहेब तळमजल्यावर चहा घेऊन कागद भरायचे. या बाई सकाळी आल्या त्या दुपारी अडीचपर्यंत प्रत्येक मजल्यावर स्वतः हातोडी मारत फिरल्या. जिन्याच्या टप्प्याखाली थांबल्या. तीनदा हातोडी मारली. वर पाइपकडे बघितले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “काका, इथे ओल दिसतेय. हा भाग आतून चांगला आहे ना?”

मी म्हणालो, “चांगला आहे. मीच केलाय.”

त्या म्हणाल्या, “तुम्ही केलाय म्हणजे प्रश्नच नाही,” आणि पुढे गेल्या. हे वाक्य मला तेव्हापासून टोचत राहिले आहे. त्यांनी आपले काम केले होते. ओल त्यांना दिसली होती आणि त्यांनी विचारलेही होते. गवंडी आपल्या कामाबद्दल खोटे बोलणार नाही असे त्यांनी धरले, एवढीच त्यांची चूक. बाईंना आता नोकरीतून दूर केले असून इमारत नीट न तपासल्याचा गुन्हा त्यांच्यावर दाखल होणार असे मला समजले आहे. त्यांचा यात काही दोष नाही.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगतो की, यंदाची पाहणी नेहमीपेक्षा महत्त्वाची होती. यंदा ब वर्गात राहिलेल्या इमारतींना पुढची दहा वर्षे सहाय्य पक्के, मध्ये पाहणी नाही, विक्री नाही, असा करार होणार आहे. तशा इमारतींची यादी १५ तारखेस लागेल. अकरा वर्षे आमचा जीव दर पाहणीला टांगणीला लागायचा, तो एकदाचा सुटणार होता. मास्तरांनी कराराचा मसुदा मला वाचून दाखवला होता. त्यात लिहिले होते की करार झाल्यावर पहिल्याच वर्षी संपूर्ण दुरुस्ती होईल, यादीत असो वा नसो. मी मनात म्हटले, बस, इतकेच ओढायचे आहे.

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी टप्पा कोसळला. मी कामावर होतो, निरोप आल्यावर पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. मावशींना तोवर नेले होते. जिन्यात त्यांचे गाठोडे पडले होते, त्यात शिवून तयार असलेले शाळेचे सहा गणवेश होते. मी टप्प्याचा तुकडा उलटून बघितला. माझा गिलावा अखंड होता. माल भेगेतून सुटला नव्हता, आजूबाजूचे काँक्रीटच सडून सुटले होते.

बुधवारी मी पोलिसांना खोटे सांगितले. सगळ्यांनीच सांगितले. कोणी कोणाला शिकवले नव्हते, अळीमिळी गुपचिळी आपोआप होते. पण त्यांना दोष देऊ नये. भेगा दाखवतात आणि लपवतात एवढे त्यांना माहीत होते. लपवलेली भेग किती खोल आहे हे फक्त मला माहीत होते.

गुरुवारी दुपारी दवाखान्यात मावशींना भेटलो. दोन्ही पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहेत. डावा पाय पुन्हा जमिनीला नीट टेकेल असे डॉक्टर सांगत नाहीत. शिवणयंत्र पायाने चालवायचे असते. मला बघून त्या म्हणाल्या, “भाऊ, आता माझ्यावरही गिलावा चढला बघा.” मला हसू आले नाही. मग त्यांनी आवाज बारीक करून विचारले, “पण ती भेग आपण दुरुस्त केली होती ना? मी घमेलं धरलं होतं. मग ती परत कशी निघाली?”

मी त्यांची चादर सरळ केली. त्या म्हणाल्या, “असेल काहीतरी. पाइपच मेला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि कुणाला काही बोलूही नका. बारा दिवस राहिलेत. माझे पाय गेले ते गेले, चाळीस घरं कशाला घालवायची?”

पाच वर्षे त्यांना वाटत होते की आम्ही दोघांनी मिळून तो टप्पा दुरुस्त केला. त्या त्यावर उभ्या राहत होत्या ते म्हणूनच. तेव्हा माझ्या लक्षात आले की इमारतीतल्या सगळ्यांना तसेच वाटते. मिस्त्रीने बुजवली म्हणजे पक्की झाली. माझ्या कामावर विश्वास ठेवून लोक माझ्या कामाखाली झोपतात.

तिथून मी थेट मास्तरांकडे गेलो आणि सांगितले की आणखी तीन जागा आहेत, लोकांना बाहेर काढायला हवे. मास्तरांनी आधी दार लावून घेतले. मग म्हणाले, “आज किती तारीख?” मी म्हणालो, तीन. ते म्हणाले, “पाच वर्षं जे थांबलं ते बारा दिवस थांबणार नाही का? तुम्ही बाहेर काढा म्हणाल. कुठे काढू? त्या शिबिरात? पाच नंबरवाले अजून तिथेच आहेत. त्यांच्यातले सात जण परत यायची वाट बघत मेले, मी प्रत्येकाच्या घरी गेलोय. छत पडून आपल्याकडे अजून कोणी मेलं नाही, मिस्त्री. हा हिशेब तुम्ही करा आणि मग मला सांगा.” मास्तर वाईट माणूस नाहीत. त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितले नाही. तो हिशेब मी आजही करतो आहे. मी घरी आलो.

हवालदारांनी विचारले की, यात तुम्हाला काय मिळाले? राहायला मिळाले. दुसरे काही नाही.

हवालदारांनी विचारले की, मग आज कसे आलात? त्याचे कारण असे. मी सांगितलेल्या तीन जागांपैकी एक माझ्याच खोलीत आहे. छताच्या मधोमध, पंख्याच्या कडीपासून दाराकडे हातभर. चार वर्षांपूर्वी बुजवली. त्याच दिवशी मी मुलीचा आणि नातीचा पलंग ओढून भिंतीला लावला. मुलगी तेव्हा म्हणाली होती, “बाबा, इथे वारा लागत नाही.” मी म्हणालो होतो, टेकून बसायला बरं. माझी पथारी मी पूर्वी जिथे होती तिथेच, छताच्या मध्याखाली ठेवली. माझ्या मते ते पुरेसे होते.

आज सकाळी नातीला शाळेसाठी तयार करताना मुलगी एकदम थांबली. छताकडे बघितले, पलंगाकडे बघितले, माझ्या पथारीकडे बघितले. मग विचारले, “बाबा, पलंग का सरकवला होता?”

मी नातीच्या दप्तराचा पट्टा लावत बसलो. ती माझीच मुलगी आहे, तिला न बोललेले कळते. तिने नातीला उचलले, दप्तर घेतले आणि खाली अंगणात जाऊन उभी राहिली. मी मागे गेलो. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, “आमचा पलंग तुम्ही सरकवलात. बाकीच्यांचे कोण सरकवणार?”

तिला मी अंगणातच बसवून इकडे आलो आहे. बाकी एकोणचाळीस खोल्यांतली माणसे या वेळी आत आहेत किंवा संध्याकाळी आत जातील. मी त्यांना सांगू शकलो असतो. पण अकरा वर्षे मीच त्यांना पक्के आहे, पक्के आहे म्हणत आलो. आता माझ्या तोंडून उलटे ऐकून कोणी उठणार नाही, आणि त्यांच्या दारात उभे राहून ते सांगायचा धीर मला झाला नाही. सरकारी गणवेशातल्या माणसाने सांगितले तर ऐकतील. मला शिव्या देतील, त्या रास्त आहेत.

उरलेल्या जागा सांगतो. पहिली, खोली क्रमांक चौदाचे छत, वर सांगितल्याप्रमाणे. त्याच्या वर खोली चोवीस आहे, तिथे पाच माणसे आहेत. दुसरी, तिसऱ्या मजल्याची गॅलरी, खोली छत्तीस आणि सदतीस यांच्या मधला भाग, खालचे अंग. तिथे मुले खेळतात आणि कपडे वाळत घालतात. तिसरी, गच्चीवर पाण्याची टाकी ज्या चार खांबांवर आहे त्यांतला जिन्याकडचा खांब, जमिनीपासून गुडघ्याइतक्या उंचीवर. ही सगळ्यांत वाईट आहे. टाकी सकाळी भरते आणि दिवसभर रिकामी होत जाते, म्हणून आज सर्वप्रथम तिचे पाणी सोडून द्यावे.

या जबाबानंतर इमारत क वर्गात जाईल हे मला समजते. १५ तारखेच्या यादीत आमचे नाव असणार नाही. चौतीस वर्षे मी त्या खोलीत राहिलो, माझी बायको तिथे गेली, मुलगी तिथे जन्मली. मला त्याचे फार वाईट वाटते आणि मी फार थकलो आहे. एक विनंती लिहून घ्यावी, तिचा उपयोग होणार नसला तरी. भेगा मी लपवल्या, भाडेकरूंनी नाही. वर्ग माझ्यामुळे खोटा ठरला. तेव्हा शिक्षा मला व्हावी आणि सहाय्य त्या लोकांचे बंद होऊ नये. ते कुठेही नेले तरी या शहरात न्यावे. असा काही नियम नाही, असे हवालदार म्हणतात. नसेल. तरी लिहावे.

वरील सर्व मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगताना ते इतके कोरडे नव्हते, पण आहे ते खरे आहे आणि माझेच आहे. कोणी दबाव आणला नाही. वाचून झाल्यावर मी आणखी एक गोष्ट शेवटी जोडायला सांगितली, ती अशी: जागा दाखवायला मी आत्ताच सोबत येतो. नुसत्या पत्त्यावर पोलीस गेले किंवा अभियंता हातोडी घेऊन गेला तरी त्यांना त्या सापडणार नाहीत. रंग एकसारखा आहे आणि आवाज भरीव येतो. काम चांगले झाले आहे.

वेळ सकाळी अकरा वाजून पाच मिनिटे. समक्ष सही केली.